सागवानी पेटीतलं फझ पेडल: लाकूड बाहेर, धातू आत

गिटार पेडल म्हणजे गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये पायाशी ठेवायचं, आवाज बदलणारं यंत्र; फझ हे त्यातलं आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं. बाजारातली बहुतेक पेडलं ॲल्युमिनियमच्या ओतीव डब्यात येतात. हॅमंडचा १५९०बी हा त्यातला सगळ्यांच्या ओळखीचा डबा, साधारण ११२ × ६० × ३१ मिमी. हा डबा दोन कामं करतो. एक म्हणजे पायाचा मार सोसतो. दुसरं, तो ग्राउंडला जोडलेला असल्यामुळे घरातल्या ५० हर्ट्झच्या वायरिंगची, ट्यूबलाइटची आणि पंख्याच्या रेग्युलेटरची घरघर सर्किटपर्यंत पोचू देत नाही. लाकूड पहिलं काम अर्धवट करतं आणि दुसरं अजिबात करत नाही. लाकडी पेटीत पेडल बसवायचं तर ही दोन्ही कामं आपल्याला वेगळी सोडवावी लागतात. ज्यांनी ती सोडवली नाहीत त्यांची पेडलं कपाटात शोभेला राहतात.

लाकडामुळे पेडलचा आवाज 'उबदार' होतो, असं अनेकदा वाचायला मिळतं. तसं काही होत नाही. गिटारच्या अंगाचं कंपन तारेपर्यंत जातं, म्हणून तिथे लाकडाला महत्त्व आहे. पेडलच्या पेटीतून सिग्नल जातच नाही. पेटी सागवानी करायची ती हाताला आणि डोळ्याला बरी वाटते म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

सर्किट कोणतं

पहिल्या पेटीसाठी फझ फेसच्या जातीचं सर्किट घ्यावं. लंडनच्या आर्बिटर कंपनीने हे पेडल १९६६ मध्ये आणलं. दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन पॉट (नॉबने फिरवायचे रेझिस्टर), एवढाच पसारा. सुरुवातीच्या पेडलांत जर्मेनियमचे पीएनपी ट्रान्झिस्टर होते, पुढे सिलिकॉनचे आले. आपल्याकडच्या हवेत सिलिकॉनच बरा. जर्मेनियमची गळती तापमानाबरोबर झपाट्याने वाढते, त्यामुळे जानेवारीच्या सकाळी लावलेला बायस (ट्रान्झिस्टरवर आधी लावून ठेवायचं व्होल्टेज) मे महिन्यातल्या मांडवात टिकत नाही. शिवाय पीएनपी सर्किटचं ग्राउंड धन बाजूला असतं. ते इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरवर जोडलं की शॉर्ट होतं.

सिलिकॉन एनपीएनसाठी, म्हणजे ग्राउंड ऋण बाजूला असलेल्या सर्किटसाठी, बीसी १०८ मिळाले तर उत्तम, नाहीतर बीसी ५४७ चालतात. ५४७ मध्ये शेवटचं अक्षर बघून घ्या: 'ए'चा गेन (प्रवाह किती पट वाढतो तो आकडा) ११० ते २२०, 'बी'चा २०० ते ४५०, 'सी'चा ४२० ते ८००. जास्त गेन म्हणजे चांगला फझ हा समज इथे नडतो. दोन्ही 'सी' लावले की सूं सूं आवाज वाढतो आणि कधी कधी चक्क रेडिओ ऐकू येतो. स्वस्त मल्टिमीटरवरही गेन मोजायचं एचएफईचं सॉकेट असतं. त्यात दहा-बारा ट्रान्झिस्टर मोजा, पहिल्या जागेसाठी १०० ते २०० चा आणि दुसऱ्यासाठी २०० ते ३५० चा निवडा.

बाकीचे पार्ट असे: रेझिस्टर ३३ के, १०० के, ४७० ओम आणि १ मेग, १० के चा ट्रिमर (पेचकसाने फिरवायचा छोटा पॉट), इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर २.२ आणि २२ मायक्रोफॅरडचे. १० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, ज्यावर १०३ छापलेलं असतं. फझसाठी १ के चा लिनियर पॉट आणि व्हॉल्यूमसाठी ५०० के चा ऑडिओ टेपरचा. पॉटवर 'बी' म्हणजे लिनियर, 'ए' म्हणजे ऑडिओ. पॉवरसाठी १ एन ५८१७ डायोड, १०० ओम आणि १०० मायक्रोफॅरड. रेझिस्टर-कपॅसिटर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत मुठीने मिळतात. थ्रीपीडीटी फूटस्विच (पायाने दाबायचा, एकदम तीन जोडण्या बदलणारा) मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. तो एक जास्तीचा मागवा.

बोर्ड आणि बायस

झीरो पीसीबीचा (भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डाचा) ३० × ४० मिमी तुकडा पुरतो. जोडणी शब्दांत सांगतो. गिटारचा सिग्नल २.२ मायक्रोफॅरडमधून पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेसला येतो. बेसवर अर्ध्या व्होल्टहून थोडं जास्त डीसी असतं, म्हणून कपॅसिटरचं धन टोक बेसकडे. हे बरेच जण उलटं लावतात. पहिल्याचा एमिटर ग्राउंडला. त्याचा कलेक्टर ३३ के मधून ९ व्होल्टला आणि थेट दुसऱ्याच्या बेसला. दुसऱ्याच्या एमिटरपासून १ के चा फझ पॉट ग्राउंडपर्यंत, पॉटच्या मधल्या पायाला २२ मायक्रोफॅरडचं धन टोक आणि त्याचं ऋण टोक ग्राउंडला. त्याच एमिटरपासून १०० के मागे पहिल्याच्या बेसला. दुसऱ्याच्या कलेक्टरपासून १० के चा ट्रिमर, पुढे ४७० ओम, मग ९ व्होल्ट. ट्रिमर आणि ४७० च्या सांध्यावरून १० नॅनोफॅरडमधून आवाज व्हॉल्यूम पॉटवर जातो. १ मेग इनपुट आणि ग्राउंडच्या मध्ये, २.२ मायक्रोफॅरडच्या अलीकडे.

मूळ सर्किटमध्ये ट्रिमरच्या जागी ८.२ के चा रेझिस्टर असतो. सिलिकॉन ट्रान्झिस्टरबरोबर तो जास्त होतो. हिशोब सोपा आहे. दुसऱ्याचा एमिटर साधारण ०.७ व्होल्टवर बसतो, खाली १ के आहे, म्हणजे प्रवाह ०.७ मिलिअँपिअर. तोच प्रवाह ८.२ के आणि ४७० ओममधून गेला की सहा व्होल्ट तिथेच पडतात आणि कलेक्टरवर तीनच उरतात. आपल्याला तिथे पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे ४.५ च्या आसपास हवेत. तेव्हा मल्टिमीटरची काळी पिन ग्राउंडला, लाल दुसऱ्याच्या कलेक्टरला लावून ट्रिमर फिरवा. बहुतेक वेळा तो साडेपाच ते सहा के वर येऊन थांबतो. ४.५ हा काही धर्मग्रंथातला आकडा नाही. ५ व्होल्टला आवाज जरा मोकळा वाटतो. ३ च्या खाली गेलात की स्वर विरताना फाटतो आणि मध्येच तुटतो.

पहिल्याच्या कलेक्टरवर १.३ ते १.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. दुसऱ्याच्या कलेक्टरवर पूर्ण ९ दिसत असतील तर तो ट्रान्झिस्टर चालूच नाही. बहुधा पाय उलटे लागलेत. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. बीसी १०८ च्या गोल टोपीला कडेला एक छोटी जीभ असते, तिच्याजवळचा पाय एमिटर.

हे सगळं पेटीच्या बाहेर, टेबलावर तपासायचं. उघड्यावर थोडी घरघर येणारच, तिच्यासाठी आत्ताच पार्ट बदलत बसू नका.

लाकूड

पहिली पसंती जुन्या सागवानाला. पाडलेल्या वाड्याच्या चौकटी-फळ्या वखारीत मिळतात आणि ते लाकूड कित्येक पावसाळे खाऊन स्थिर झालेलं असतं. शिसव दिसायला राजस, पण कठीण आणि जड. शिवाय शिसवाची जवळजवळ सगळी जात जानेवारी २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या यादीत आहे, त्यामुळे पेडल परदेशी पाठवायचं असेल तर कागदपत्रांचा विचार आधी करा. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याला तून वापरतात. ते हलकं, छान कोरलं जाणारं लाकूड, पण पायाखालच्या वस्तूला मऊ पडतं. स्विचचा नट त्यात रुततो. फणस चांगला. आंबा स्वस्त असतो पण वाकतो आणि त्याला कीड लवकर लागते.

लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. ८० मिमी रुंदीची सागवानी पाटी कडक उन्हाळ्यापासून भर पावसाळ्यापर्यंत अर्धा ते एक मिलिमीटर फुगू शकते. ती ॲल्युमिनियमला अरल्डाइटने घट्ट चिकटवली तर एकतर सांधा सुटतो किंवा पाटीला बाक येतो. पेटीची सगळी रचना हे ध्यानात ठेवून करायची.

चौकट १० मिमी जाडीच्या सागवानाची, बाहेरून १३० × ९० मिमी, उंची ४५. वरच्या आतल्या कडेला ५ मिमी रुंद आणि ५ मिमी खोल खाच, म्हणजे १२० × ८० चं तोंड तयार होतं. त्या खाचेत आधी ११९ × ७९ मापाचा २ मिमी ॲल्युमिनियमचा पत्रा बसतो आणि त्यावर त्याच मापाची ३ मिमी जाडीची सागवानी पाटी. चारी बाजूंनी राहिलेली अर्ध्या मिलिमीटरची फट पावसाळ्यासाठी आहे, ती पुट्टीने भरू नका. पाटीच्या रेषा १२० च्या बाजूने धावल्या पाहिजेत.

पायाचा सगळा भार पत्रा घेतो, लाकूड फक्त वर बसतं. पत्रा चौकटीच्या कोपऱ्यांत आतून चिकटवलेल्या १२ मिमी ठोकळ्यांवर चार स्क्रूंनी आवळायचा. पाटी स्विचच्या नटने धरून ठेवायची आणि मधोमध सिलिकॉनचे दोन ठिपके द्यायचे. सिलिकॉन न्यूट्रल प्रकारचाच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारा सिलिकॉन धातूला खातो.

कोपरे ४५ अंशांत कापून फेव्हिकॉलने जोडले तरी चालतात, कारण आतले ठोकळे बळ देतात. पण सागवानात स्वतःचं तेल असतं. चिकटवायच्या पाच मिनिटं आधी सांध्यांवर एसीटोनचा फडका फिरवला नाही तर जोड महिन्याभरात सुटतो. शिकंजा नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चौकटीभोवती ताणून गुंडाळा, दोन्ही कर्ण मोजून सारखे करा आणि रात्रभर ठेवा.

चौकट चिकटवण्याआधी एक काम हातावेगळं करायचं असतं, ते राहिलं तर नंतर ड्रिल आत शिरतच नाही. जॅकची आटी ५-६ मिमीच असते आणि आपली भिंत १० मिमीची. म्हणून जॅकच्या जागी आतल्या बाजूने २५ मिमीच्या फोर्स्टनर बिटने ७ मिमी खोल खड्डा घ्यायचा, म्हणजे ३ मिमी लाकूड उरतं. त्यातून जॅकसाठी १० मिमीचं भोक. मागच्या भिंतीत डीसी जॅकसाठीही असंच, २० मिमीचा खड्डा आणि १२ मिमीचं भोक. दोन्ही वेळा दर्शनी बाजूला टाकाऊ लाकडाचा तुकडा शिकंजात आवळून धरा, नाहीतर बिट बाहेर पडताना कपच्या उडवतो. पत्र्यासाठीचा पायऱ्यांचा बिट लाकडाला लावू नका, तो कापत नाही, फाडतो. उरलेलं ३ मिमी लाकूड जॅकच्या नटखाली चिरू नये म्हणून आतून एक मिलिमीटर पत्र्याची चकती घाला.

पत्र्याला भोकं: स्विचसाठी १२ मिमी, पॉटसाठी ७, एलईडीसाठी ५. पॉटची आटी ५ मिमी जाडीतून पुरी बाहेर येत नाही, म्हणून पॉट पत्र्यावरच आवळायचे आणि लाकडी पाटीला त्या जागी १४ मिमीची भोकं पाडायची. वर १९-२० मिमीचा नॉब बसला की भोक झाकलं जातं. स्विच खालच्या कडेपासून २५ मिमी आत ठेवा. पॉट त्याच्यापासून जितके दूर तितकं बरं, बुटाचं टोक नॉबला लागत नाही.

पॉलिश पेपर १२०, १८०, २२०, ३२० या क्रमाने, कायम रेषांच्या दिशेने. चपडा लाखेचं पॉलिश सागवानावर सुंदर चढतं, पण ते मद्यार्काने विरघळतं आणि ओल्या ग्लासाखाली पांढरं पडतं. स्टेजवरच्या पेडलला ते एकटं पुरत नाही. मेण काढलेल्या लाखेचे दोन हात सीलर म्हणून द्या आणि वर पीयूचे (पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर ३२० चा हलका घास. लाखेत मेण राहिलं असेल तर पीयू सोलून निघतो.

आतला धातूचा डबा

चौकटीला आतूनही लाखेचा एक हात द्या. तेलकट, उघड्या सागवानावर तांब्याची टेप टिकत नाही. मग ५० मिमी रुंदीची तांब्याची टेप चारही भिंतींना आतून लावा, वरच्या खाचेवर ५ मिमी दुमडून घ्या. पत्रा स्क्रूने आवळला की तो या दुमडीवर दाबला जातो आणि वरचं झाकण ग्राउंडला येतं. खालचं झाकण दीड मिलिमीटर ॲल्युमिनियमचंच करा आणि तिथेही टेप कडेवर दुमडा. खालचे स्क्रू वारंवार उघडावे लागतात, म्हणून ठोकळ्यांत एम३ चे पितळी इन्सर्ट बसवा. लाकडात थेट घातलेला स्क्रू दहा वेळा काढला-घातला की आटी धरत नाही.

टेपच्या गोंदावर भरवसा ठेवू नका. 'वाहक गोंद' असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी दोन पट्ट्या जिथे एकमेकींवर येतात तिथे सोल्डरचा एक थेंब द्याच. दोन सेकंदांत काम उरका, जास्त वेळ धरलं तर गोंद जळतो आणि टेप उचलते. नंतर मल्टिमीटरने कोणत्याही कोपऱ्यापासून कोणत्याही कोपऱ्यापर्यंत मोजा. एक ओमच्या आत आकडा आला की डबा तयार. सगळ्या डब्याला एकच तार, ती इनपुट जॅकच्या ग्राउंडवरून.

तांब्याचा डबा केला की दोन नवे धोके येतात. पहिला डीसी जॅकचा. गिटार पेडलांचा रिवाज मधली पिन ऋण, बाहेरची नळी धन असा आहे. धातूच्या आटीचा जॅक घेतला तर ती आटी ९ व्होल्टवर असते आणि टेपला टेकताच अडॅप्टर शॉर्ट. म्हणून प्लास्टिकच्या अंगाचाच जॅक. दुसरा धोका बीसी १०८ चा. त्याची धातूची टोपी आतून कलेक्टरला जोडलेली असते. बोर्ड हलून टोपी टेपला लागली की कलेक्टर ग्राउंडला आणि पेडल मुकं. टेबलावर छान वाजणारं पेडल पेटीत गेल्यावर गप्प झालं तर आधी हेच बघा. मोटार वाइंडिंगच्या दुकानात लेदरॉइड कागद मिळतो. त्याचा एक तुकडा बोर्डाखाली आणि एक झाकणावर चिकटवा, प्रश्न मिटतो.

फूटस्विच

थ्रीपीडीटीच्या नऊ पायांत तीन स्वतंत्र रांगा असतात आणि प्रत्येक रांगेत मधला पाय सामाईक. रांगा उभ्या की आडव्या हे मल्टिमीटरच्या बीपने ठरवा, चित्रावर विसंबू नका. पहिल्या रांगेचा मधला पाय इनपुट जॅकला, तिसऱ्या रांगेचा मधला आउटपुट जॅकला, दुसऱ्या रांगेचा मधला ग्राउंडला. खालच्या बाजूला पहिल्या रांगेचा पाय सर्किटच्या इनपुटला, तिसऱ्याचा सर्किटच्या आउटपुटला, दुसऱ्याचा एलईडीच्या ऋण पायाला. वरच्या बाजूला पहिल्या आणि तिसऱ्या रांगेचे पाय एकमेकांना, आणि दुसऱ्याचा वरचा पाय पहिल्या रांगेच्या खालच्या पायाला. या शेवटच्या तारेमुळे पेडल बंद असताना सर्किटचं इनपुट ग्राउंडला बसतं. गेन मोठा असलेल्या फझमध्ये ती तार नसली तर बंद पेडलचा आवाजही पाझरतो. एलईडीचा धन पाय ४.७ के मधून ९ व्होल्टला, दीड मिलिअँपिअर पुरतो.

स्विचच्या आतलं ग्रीस आणि प्लास्टिक उष्णता सोसत नाही. तारांना आधी कथील चढवून घ्या, २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने एका पायाला तीन सेकंदांहून जास्त देऊ नका, आणि शेजारच्या पायाऐवजी लांबचा पाय पुढे घ्या.

बॅटरी ठेवायची असेल तर इनपुट जॅक स्टिरिओ घ्या आणि बॅटरीची काळी तार त्याच्या मधल्या रिंगला जोडा. साधी केबल घातली की सर्किट सुरू, काढली की बंद. सर्किट स्वतः जेमतेम १ मिलिअँपिअर खातं, एलईडी त्याहून जास्त. अडॅप्टरवरून येणारा ९ व्होल्ट डायोड, १०० ओम आणि १०० मायक्रोफॅरड या क्रमाने घ्या. १०० हर्ट्झची घरघर त्याने साधारण सहापट कमी होते.

बंद केल्यावर काय बिघडतं

डबा बंद केल्यावरही घरघर तशीच असेल तर बहुतेक वेळा झाकण ग्राउंडला लागलेलं नसतं. पीयूचा थेंब दुमडीवर ओघळलेला असतो. कानशीने खरवडा. घरघर नसून शिट्टी असेल आणि ती व्हॉल्यूम पॉटबरोबर बदलत असेल, तर इनपुट आणि आउटपुटच्या तारा शेजारून गेल्या आहेत. त्या भिंतींना धरून विरुद्ध बाजूंनी न्या. इनपुटला शील्डची तार वापरा आणि शील्ड एकाच टोकाला जोडा. रेडिओ येत असेल तर पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसच्या मध्ये ४७ ते १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा. १०० च्या वर गेलात तर आवाजाची धार बोथट होते.

स्विच दाबल्यावर 'ठप्प' आवाज आला तर १ मेगचं सोल्डरिंग कच्चं राहिलं आहे का बघा. फझचा नॉब फिरवताना होणारी खरखर मात्र बिघाड नाही. पॉटचा सरकता काटा हलला की २२ मायक्रोफॅरडला नव्या व्होल्टेजवर यावं लागतं, त्याचा तो आवाज. मूळ पेडलंही अशीच खरखरतात.

आवाज लहान वाटला तर ४७० ओमच्या जागी १ के लावा आणि बायस पुन्हा मोजा. आवाज बारीक, किरकिरा वाटला तर पार्ट बदलण्याआधी पेडलची जागा तपासा. या सर्किटचा इनपुट इंपीडन्स (येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध) फारच कमी असतो आणि ते गिटारच्या पिकअपशी थेट जोडलेलं असताना नीट वागतं. गिटार आणि फझच्या मध्ये ट्यूनर किंवा कुठलंही बफरवालं (सिग्नल आधी स्वतःच्या सर्किटमधून पुढे देणारं) पेडल आलं की ते नातं तुटतं. फझ गिटारला थेट लावा, गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सातवर आणा. आवाज निवळून जवळजवळ स्वच्छ झाला, तर बायस बरोबर बसला आहे. खालच्या झाकणाचे चार स्क्रू आता आवळायला हरकत नाही.